हिरव्या रंगाखालची संहिता : निवृत्त लष्करी गाड्यांच्या जीर्णोद्धाराची चिकित्सा

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, देवळावरच्या शिल्पाचीही होते. सैन्यातून निवृत्त झालेली जीप कोणी हौसेने पुन्हा उभी केली, तर तिची मात्र होत नाही. लोक भोवती जमतात, फोटो काढतात, ‘झकास झाली’ म्हणतात आणि मालक इंजिन सुरू करून आवाज ऐकवतो. गेली काही वर्षे विदर्भात आणि बाहेरही अशा गाड्या मी जमेल तशा पाहत आलो आहे. त्यांच्या मालकांशी, मिस्त्रींशी आणि नोकरीत त्या चालवलेल्या माजी सैनिकांशी बोलत आलो आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की पुन्हा उभी केलेली लष्करी गाडी ही एक संपादित संहिता असते. तिच्यात पाठभेद असतात, गाळलेल्या ओळी असतात आणि प्रक्षेप तर असतातच. जुन्या पोथीच्या संपादकाला आपण जे प्रश्न विचारतो तेच या मालकाला विचारले, तर आज वाखाणल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या संपादन म्हणून टिकत नाहीत.

हा विचार सुचायला माझे गावही कारण आहे. भद्रावतीला रेल्वे अजून भांदक म्हणते. गावाच्या एका बाजूला विजासनची बौद्ध लेणी आहेत. ती जशी उरली तशी राखायची असतात. गावात पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ आहे. तिथे पूजा चालू आहे, म्हणून तिथे डागडुजी होते, रंग लागतो. पहिली रीत जतनाची, दुसरी जीर्णोद्धाराची. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. जीर्णोद्धार करून त्यालाच जतन म्हटले की घोटाळा सुरू होतो. गावाला लागूनच चांदा आयुध निर्माणी आहे. तिथे दारूगोळा बनतो, गाड्या बनत नाहीत. पण सैन्याच्या गाड्यांची खास पाटी आमच्या गावाला नवी नाही.

त्या पाटीपासूनच सुरुवात करू. सैन्याची गाडी आरटीओच्या नंबरावर चालत नाही. पाटीवर वर रोखलेला बाण असतो, खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे असतात, मग अक्षर आणि अनुक्रमांक. बाणाची ही खूण ब्रिटिश अमदानीतली, सरकारी मालावर मारायची. गाडी मोडीत निघाली की तिचा लिलाव होतो. हल्ली असे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन चालतात. घेणारे बहुधा भंगाराचे व्यापारी असतात आणि हौशी माणसाच्या हाती गाडी येते ती त्यांच्याकडून. संरक्षणाच्या कामातून सुटलेल्या गाडीची नोंदणी इतर गाड्यांसारखी नव्याने करायची, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ६० सांगते. आमच्या जिल्ह्यात बाणाची पाटी उतरते आणि एमएच ३४ ची चढते. पूर्वायुष्याचा पहिला पुरावा इथे जातो. ती कायद्याची गरज आहे, तक्रारीला जागा नाही. बाकीचे पुरावे जातात ते गॅरेजमध्ये, आणि तिथे कायदा नव्हे, मालकाची आवड काम करते.

ही आवड कशी काम करते ते कळायला थोडी वंशावळ पाहावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बनल्या. जगाच्या डोळ्यांत भरलेली जीप ती हीच : बसके बॉनेट, पुढच्या जाळीला नऊ फटी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या गाड्यांची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी या मॉडेलच्या गाड्या इथे बनू लागल्या. या गाडीचे बॉनेट उंच आहे, कारण तिच्यातले २,१९९ सीसीचे ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. बाजारात ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ हे शब्द रुळले ते यावरून. सैन्याची आणखी एक ओळखीची गाडी म्हणजे जोंगा. निसानच्या पॅट्रोल गाडीवरून जबलपूरला बनलेली, जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन असलेली. तिचे नावच मुळी जबलपूरच्या शस्त्रनिर्माणीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले. १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षे ती बनली. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रकही जबलपूरचाच. म्हणजे आज हौशी माणसाच्या हाती येणारी गाडी बहुतेक वेळा मुंबईची किंवा जबलपूरची असते. ती अमेरिकेची नसते.

गॅरेजमधून बाहेर पडते तेव्हा मात्र ती अमेरिकन झालेली असते. उंच बॉनेट कापून खाली आणलेले असते. सात फटींची जाळी काढून नऊ फटींची बसवलेली असते. बॉनेटवर आणि दोन्ही कुशींवर पांढरा तारा रंगवलेला असतो. हा तारा दोस्त राष्ट्रांच्या गाड्या आपल्याच विमानांना वरून ओळखू याव्यात म्हणून लावलेली खूण होती. भारताच्या भूमीवर तो दिसलाच नाही असे नाही. आसामातल्या लेडोपासून चीनकडे काढलेल्या रस्त्यावर अमेरिकन गाड्या धावल्याच. त्यांतली एखादी कोणाला सापडली, तर त्याने तारा जरूर राखावा. पण १९७० च्या दशकात भारतीय सैन्यात भरती झालेल्या गाडीवर तो काढणे म्हणजे विदर्भातल्या महानुभाव पोथीत मधेच कुठल्या विलायती कादंबरीचे पान शिवण्यासारखे आहे. पान सुंदर असेल. ते त्या पोथीचे नाही. तारा रंगवायला जागा हवी म्हणून खालचे जे खरवडले जाते, ते परत मिळत नाही.

खरवडले जाणारे नेमके काय असते? युनिटची खूण. पुलाला किती भार चालेल ते ठरवण्यासाठी गाडीच्या पुढे लावलेली पिवळी गोल चकती आणि तिच्यातला आकडा. मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा : तो पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर वरून एक लहान दिवा प्रकाश टाकतो. रात्री दिवे मालवून ताफा चालला की मागच्या ड्रायव्हरने त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून अंतर राखायचे. ही साधी युक्ती गाडीच्या पोटाखाली लिहिलेली असते. हौशी मिस्त्री ती ‘स्वच्छ’ करून काळ्या रंगाने झाकतो, कारण त्याला वाटते तिथे कोणीतरी चुकून चुना सांडला.

दुसरे उदाहरण काचेचे. अमेरिकेत एम३८ए१सी नावाची जीप खास रिकॉइललेस तोफ वाहण्यासाठी बनली. तोफेची नळी पुढे टेकावी म्हणून तिच्या पुढच्या काचेच्या चौकटीत मधोमध खाच होती. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या अशाच जातीच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले, हे शाळकरी मुलेही जाणतात. तोफ वाहिलेल्या गाडीत त्या कामाच्या खुणा उरतात : चौकटीतली खाच, तळाच्या पत्र्याला दिलेली जास्तीची पट्टी, बोल्टची भोके. ज्याला इतिहास माहीत नाही त्याला यात फक्त मोडतोड दिसते. तो खाच भरतो, पट्टी कापतो, भोके वेल्डिंगने बुजवतो. गाडी गुळगुळीत होते आणि तिची साक्ष संपते.

याच्या उलट बाजूला सजावटीची हौस आहे. मागे जेरीकॅन, बाजूला फावडे आणि कुऱ्हाड, वर जाळी, पुढे गुंडाळलेला दोर. यातल्या प्रत्येक वस्तूला काम होते. २० लिटरचा जेरीकॅन जर्मनांनी घडवला, इंग्रजांनी त्याची नक्कल केली आणि जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत म्हणून त्याला हे नाव पडले. एका माणसाला दोन उचलता यावेत आणि हातोहात पुढे देता यावेत म्हणून त्याला तीन मुठी आहेत. तो रिकामा, सील न उघडलेला, नव्या रंगाचा, फक्त फोटोपुरता लटकवला की दागिना होतो. काम हरवलेले अवजार म्हणजे अर्थ न कळता वापरलेला शब्द.

कायद्याने यात एक चमत्कारिक पेच घातला आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले : नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेबाहेर जाणारे फेरफार चालणार नाहीत असे म्हटले होते. इथवर कायदा जतनाच्या बाजूचा. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे लष्करी गाडीचे सगळे मूळ राखा, तिचा मूळ रंग सोडून. प्रामाणिक माणूस या पेचात सापडतो. मग कोणी वाळूचा रंग देतो, कोणी गडद हिरव्यातली दुसरी छटा शोधतो.

माझ्या ओळखीचे बरेच हौशी या नियमावर चिडतात. मला तो नियम समजतो, आणि तो आमच्या भागात राहूनच समजतो. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर सकाळी पर्यटकांच्या उघड्या जिप्सी रांगेत उभ्या असतात. सैन्याने वर्षानुवर्षे वापरली तीच ही जिप्सी. तिथे हिरवी गाडी म्हणजे वाघ दिसण्याची आशा. तिथून पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात शिरले की हिरव्या रंगाचा अर्थ बदलतो. हिरवा गणवेश तिथे पोलिसांच्याही अंगावर पाहिला गेला आणि नक्षलवाद्यांच्याही; कोण आले हे वेळीच न कळण्याची किंमत गावांनी मोजली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. ते खासगी वाहनातून चालले होते. ज्या प्रदेशात गाडी कोणाची आणि आत कोण यावर जीव अवलंबून होते, तिथे लष्करी वेष धारण केलेली हौसेची गाडी ही निरुपद्रवी गंमत उरत नाही. खोटी मशीनगन बसवून मिरवणुकीत उभी केलेली जीप पाहिली की मला त्या रस्त्यावरचा चालक आठवतो.

हौशी लोकांची बाजू मात्र हलकी नाही. त्यांचे म्हणणे असे : आम्ही नसतो तर ही गाडी गॅसकटरखाली गेली असती. सुटे भाग मिळत नाहीत. मूळ कार्ब्युरेटर शोधायला वर्ष जाते. पैसा आमचा, घाम आमचा, मग तारा काढला तर बिघडले कुठे? यातले पहिले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चेसिसवरची चिलखती मोटारही जपलेली आहे. पण असे संग्रहालय मोजक्याच वस्तू ठेवू शकते. साधी जीप, जोंगा, शक्तिमान यांना वाचवणार ते हौशी लोकच. सुट्या भागांची अडचणही खरी. न मिळणारा भाग लेथवर बनवून घेणे हा प्रक्षेप नव्हे. गळालेले अक्षर कंसात भरण्यासारखे ते आहे. आपण भरले एवढे सांगितले म्हणजे पुरे. तिसरे म्हणणे मला पटत नाही. वाचवणाऱ्याला वस्तूवर हक्क मिळतो, तिच्या भूतकाळावर मिळत नाही.

याला पद्धत काय? ती आपल्या घरातच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी संहिता ठरवली, पण न स्वीकारलेले पाठ फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. पुढच्या अभ्यासकाला त्यांच्याशी भांडता यावे म्हणून. वास्तूंच्या जतनाबाबत १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीने थांबावे. जुन्या मोटारींसाठी २०१२ मध्ये ट्यूरिन सनद झाली. तिचाही रोख वापरातून गाडीवर उमटलेल्या खुणा राखण्याकडे आहे. या तिन्हींतून गॅरेजात चालतील असे नियम निघतात. रंग खरवडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्यावेत. कुठेतरी वीतभर जागा अजिबात न खरवडता सोडावी, म्हणजे रंगाचे थर मोजता येतील. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा. नवा घातलेला भाग वहीत लिहावा. आणि सर्वांत आधी ठरवावे की आपण गाडी कोणत्या दिवसाची करतो आहोत : कारखान्यातून निघाली त्या दिवसाची, की सैन्यातून सुटली त्या दिवसाची? माझा कौल दुसऱ्या दिवसाला. पहिला दिवस कंपनीचा असतो. मधली वर्षे ती चालवणाऱ्यांची असतात.

आणि ते चालवणारे अजून आहेत. जोंगाचे उत्पादन थांबून पाव शतक उलटले. तिच्यावर तरुणपण घालवलेले ड्रायव्हर आता साठी-सत्तरीत आहेत. वरोरा, चिमूर, ब्रह्मपुरीकडच्या गावांत, कोणाच्या शेतावर, कोणाच्या किराणा दुकानात भेटतात. थंडीत इंजिन कसे उठवायचे, चढावर कोणता गिअर सुटायचा, पांढऱ्या ठिपक्यामागे रात्र कशी काढायची, हे त्यांना विचारावे लागते. गाडीवरच्या कोणत्याही पाटीवर ते लिहिलेले नाही. मालकाने सँडपेपर हातात घेण्याआधी त्यांच्यापैकी एकाला गाडीपाशी आणावे, हात फिरवू द्यावा आणि तो जे सांगेल ते त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.