हाशियातली नावे

दिवाळी अंक असो की ईद विशेषांक, हाती पडला की आम्ही आधी चित्रे पाहतो, मग अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेत कथाकार, शायर, समीक्षक अशी सगळी नावे ठळक असतात. चित्रे कोणाची, हे शोधायला मात्र मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक टायपापर्यंत जावे लागते. तिथे 'सजावट' या शब्दापुढे एखादे नाव असते, कधी तेही नसते. सजावट! जणू लग्नाचा मांडवच. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

शब्दाला चित्र देणे हे आपल्या परंपरेत हलके काम नव्हते. अकबराच्या चित्रशाळेत 'हम्जानामा'ची सुमारे १४०० चित्रे तयार व्हायला पंधराएक वर्षे लागली. पुढे महाभारताचा फारसी तर्जुमा 'रज्मनामा' चितारला गेला, तेव्हा पानांच्या हाशियात, म्हणजे समासात, बारीक अक्षरांत नोंद केली जाई: तरह अमक्याची, अमल तमक्याचा. तरह म्हणजे आखणी, अमल म्हणजे रंगकाम. एका पानावर दोघे राबले तर दोघांचीही नावे. अबुल फजल सांगतो की दर आठवड्याला कामे बादशहापुढे मांडली जात आणि ती पाहून इनाम मिळे, पगार वाढे. दसवंतची हकीकतही त्यानेच नोंदवली आहे. पालखी वाहणाऱ्या कहाराचा हा पोरगा भिंतींवर चित्रे काढीत फिरे. बादशहाची नजर पडली आणि त्याला ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाती सोपवण्यात आले. वर्गाच्या भिंतीवर रेघोट्या ओढणारा पोरगा सापडला की आम्हाला दसवंत आठवतो आणि हातातली छडी खाली येते.

छापखान्याच्या काळात दरबार गेला. मग चित्रकाराने जगायचे कशावर? लाहोरच्या अब्दुर्रहमान चुगताईंनी याचे उत्तर स्वतःपुरते शोधले. १९२८ मध्ये त्यांनी गालिबचा दिवाण आपल्या चित्रांसह 'मुरक्का-ए-चुगताई' या नावाने काढला, तोही घरच्याच प्रकाशनातून. प्रस्तावना इक्बालांची. पुस्तकाच्या नावात चुगताई आहे, गालिब नाही! उर्दू साहित्यात चित्रकाराने एवढी मोठी जागा मागितल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

पण मागितलेल्या जागेचे त्यांनी केले काय? आम्ही 'मुरक्का' वर्गात दाखवला आहे, आणि दरवेळी मनात खटका राहिला आहे. रेषा रेशमासारखी, रंग पाण्यात विरघळल्यासारखे, मान झुकवलेल्या स्त्रिया, विझत आलेला दिवा. सारे देखणे आहे. मात्र गालिब नुसता देखणा शायर नव्हे. तो खुदाशी हुज्जत घालतो, स्वतःच्या कर्जाची थट्टा करतो, एका मिसऱ्यात रडवून दुसऱ्यात चिमटा काढतो. तो चिमटा चुगताईंच्या चित्रांत आम्हाला सापडत नाही. त्यांनी गालिबची उदासी रंगवली, त्याची हुशारी सोडून दिली. कित्येक चित्रांखालचा शेर बदलला तरी चित्राचे काही बिघडणार नाही. चित्रकार हा मजकुराचा पहिला वाचक असतो, असे आम्ही मानतो. इथे वाचक स्वतःच्याच स्वप्नात गुंगला आहे.

याउलट दीनानाथ दलाल. गोव्यात जन्मलेला, मुंबईत शिकलेला हा माणूस. मुखपृष्ठांवरच्या त्यांच्या सुंदरी आम्हाला फार गोड वाटतात, हे कबूल करतो. आतल्या पानांत मात्र कथा बदलली की त्यांचा हात बदलतो. विनोदी लेखाला जाड, खट्याळ रेषा, शोकांतिकेला सावल्या. असे करणारा गोष्ट शेवटपर्यंत वाचतो, हे उघड आहे. आणि त्यांनीही अखेर चुगताईंचाच रस्ता धरला. स्टुडिओ काढला, १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचाच अंक सुरू केला. दोन भाषांतल्या दोन नामवंतांना पोटासाठी आणि नावासाठी स्वतःच प्रकाशक व्हावे लागले. ज्याच्याकडे छापखान्याचे पैसे नाहीत, त्याने काय करावे?

हा सवाल आमच्यासाठी पुस्तकी नाही. आमचा एक माजी विद्यार्थी, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'ए' श्रेणी. त्याने उपयोजित कला शिकावी म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. वालिद म्हणाले, "सर, तसवीर काढणं आपल्यात बरं नाही." आम्ही अकबराचे वचन सांगितले, जे अबुल फजलने नोंदवले आहे: चित्रकार हातपाय रेखाटतो, पण जीव घालू शकत नाही, म्हणून त्यालाच निर्मात्याची याद अधिक येते. उलेमांचे याबाबत मतभेद आहेत, आणि त्या वादात पडायची आमची लायकी नाही. पण चहा आला, तेव्हा वालिदांनी हळूच विचारले, "महिन्याला किती मिळतील?" खरी अडचण ती होती, आणि आमच्याकडे तिचे उत्तर नव्हते.

पोरगा तरीही शिकला. पहिल्यांदा एका अंकात त्याची सहा चित्रे आली. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती. नाव कुठेच नाही. कोपऱ्यातली नस्तालीक सही पान कापताना उडाली होती. आम्ही संपादकांना लिहिले की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलावंताला आपले नाव सांगण्याचा हक्क देते, चित्र विकले तरी तो जात नाही. जवाब आला नाही.

गेल्या महिन्यात तो नवे काम घेऊन आला. बाजाराचे चित्र होते. मधोमध एक दुकान, दुकानावर पाटी. आम्ही चष्मा लावून पाटी वाचली. तिच्यावर त्याचेच नाव होते. "सर, आता कापायचं तर दुकानच कापावं लागेल," तो म्हणाला.