घण आणि मेण

तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात वृषवाहन शिवाची ब्राँझमूर्ती आहे, तिच्या उजव्या कोपरापाशी आपण आधी थांबू. ते कोपर हवेत टेकले आहे. त्याच्याखाली कधीकाळी नंदी होता, आज तो नाही. पण हात खाली ओघळलेला नाही, खांदा आखडलेला नाही, पायांच्या त्या सैल तिढ्यात कुठे तोल सावरल्याची खूणही नाही. पाहता पाहता आपल्यालाच त्या रिकाम्या जागी वशिंडाचा उंचवटा जाणवू लागतो, पाठीची ऊब जाणवू लागते. जटा नागांनी गुंडाळून बांधल्या आहेत, त्या मराठी डोळ्याला थेट फेट्यासारख्या दिसतात. तिरुवेंकाडूच्या मंदिरासाठी १०११ साली, राजराज चोळाच्या राज्यात घडलेली ही मूर्ती साधारण साडेतीन फूट उंच आहे, आणि तिच्यात कुठेही सांधा शोधून सापडत नाही.

सांधा सापडत नाही, कारण ती एकदा मेण होती. मूर्तिकाराने बोटांनी मेण दाबले, वळवले, कंबरेचा बाक त्या मऊ द्रव्यात शोधला. मग त्यावर आधी गाळाच्या मऊसूत मातीचा आणि नंतर जाड मातीचा लेप चढला. साचा तापवला तेव्हा मेण वितळून वाहून गेले आणि त्याच्या जागी धातू आला. ओतारी मंडळी वितळलेल्या धातूला रस म्हणतात, आणि या मूर्तीपुढे तो शब्द किती यथार्थ आहे ते कळते. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लासा’त हा विधी सविस्तर लिहून ठेवला आहे, मेण तोलून घ्यावे आणि त्या मानाने धातू घ्यावा, इतका बारीक हिशेब त्यात आहे. शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणून अशा विधीतून निघणारी प्रत्येक मूर्ती एकुलती एक. तंजावरजवळच्या स्वामिमलैत आजही स्थपती याच रीतीने मूर्ती ओततात.

रसाला दिशा नसते, हे आपण मनात धरून ठेवू. तो साच्याच्या प्रत्येक कोपऱ्यात सारख्याच सहजतेने शिरतो. बोटाच्या पेरात शिरतो तसाच मांडीच्या गोलाईत शिरतो. त्या शिवाच्या देहावर जो अखंड, निवांत तुळतुळीतपणा आहे, तो या दिशाहीनतेची देणगी आहे. घणाने ठोकून हे कोपर कुणालाही करता आले नसते.

आता राजवाड्यातून बाहेर पडून पूर्वेकडे, कीळवासलच्या बाजूला चालू. जुन्या किल्ल्याच्या एका उंचवट्यावर, ज्याला इथले लोक पीरंगीमेडू म्हणतात, एक तोफ पूर्वेकडे तोंड करून पडली आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे बावीस टन. ती रघुनाथ नायकाच्या काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले, त्याच्या कितीतरी आधीची. मूर्तीपाशी आपण सांधा शोधत होतो, इथे सांध्यांखेरीज दुसरे काही दिसतच नाही. अंगभर कड्यामागून कडे, एकाला एक भिडलेले, जणू एखाद्या महाकाय अळीच्या अंगावरच्या वळ्या. जवळ जाऊन तळवा ठेवावा: उन्हाने तापलेले लोखंड, मधूनच कड्याची किंचित वर आलेली कड, मग खाच, मग पुन्हा कड. शेकडो वर्षांच्या पावसानेही कडांची ही अक्षरे पुसली नाहीत.

तोफेची घडण आतून बाहेर वाचायची. आत लांबच लांब लोखंडी पट्ट्या एकमेकींना लावून नळी केली आहे आणि त्या नळीवर तापून लाल झालेली कडी चढवली आहेत. ही रीत मराठी माणसाला परकी नाही. गावच्या लोहाराकडे गाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्याने पाहिले असेल, त्याला ती तोफ अर्धी समजलीच: धाव शेणकुटांच्या आगीत तापते, फुगते, चाकावर अलगद बसते, पाण्याचा शिपका पडताच चर्रर्र आवाजाने आकसते आणि लाकडाचे सगळे आरे एकमेकांत आवळून धरते. तोफेत चाकाच्या जागी पट्ट्यांची नळी आहे आणि धावेच्या जागी ही कडी. दारूचा दाब नळीला बाहेर फाडू पाहतो, तो कडे अडवते. गोळा पुढे जाताना लांबीच्या दिशेने जो ताण येतो, तो पट्ट्या झेलतात. जिकडून जोर येणार, तिकडेच लोखंडाचे तंतू आडवे उभे करून ठेवले आहेत. ही तोफ म्हणजे जोराच्या दिशांचा लोखंडात काढलेला आराखडा आहे, आणि मला ती त्या शिवाइतकीच देखणी वाटते.

मग तोफ ओतलीच का नाही, असा प्रश्न आपल्या मनात येतो. तोफा ओतल्या जात होत्याच. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली आपल्या अहमदनगरातच ओतली गेली. पण ती ब्राँझची. ब्राँझ हजार अंशांच्या आसपास रस होते, शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात, आणि तेवढी धग इथल्या कोळशाच्या भट्टीत नव्हती. भरपूर कर्ब शोषलेले लोखंड लवकर वितळते खरे, पण मग त्याचे बीड होते, आणि साधे बीड ठिसूळ. तेव्हा ज्याच्या हाती लोखंड होते, त्याच्या हाती घणच होता. घडवायचे की ओतायचे, याचा निम्मा निवाडा धातूनेच केला होता.

या दोन वस्तू पाहून मला नेहमी एक तिसरी वस्तू आठवते, ती इंजिनाच्या पोटातली. पिस्टनची वरखाल ज्यामुळे चक्राकार गती होते, तो क्रँकशाफ्ट. इंजिन नव्याने बांधायला घेतलेला माणूस हमखास अडतो तो इथे: फोर्ज्ड, म्हणजे घडीव, घ्यावा की कास्ट, म्हणजे ओतीव? फोर्ज्ड म्हणजे भारी, कास्ट म्हणजे हलका, अशी एक समजूत गॅरेजागणिक ऐकू येते. तंजावर पाहिलेल्या डोळ्याला ती पटत नाही.

घडीव क्रँक म्हणजे त्या तोफेचाच वंशज. पुण्याला मुंढव्यात, १९६१ साली नीळकंठ कल्याणींनी स्थापलेल्या भारत फोर्जमध्ये पोलादाचे लालबुंद ठोकळे डायमध्ये दाबून असे क्रँक होतात. दाबाखाली पोलाद रसासारखे वाहत नाही, वळते. लाकडाच्या रेषा फांदीच्या वळणाबरोबर जाव्यात तसे त्याचे तंतू क्रँकच्या प्रत्येक वळणाबरोबर जातात. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा स्फोट होतो, आणि तो प्रत्येक धक्का पिनच्या मुळाशी असलेल्या गोलाईवर येतो. तडा जायचा तो तिथून. तंतू तिथे तुटलेले नसून वळलेले असतील, तर तडा सहजी पुढे सरकत नाही.

ओतीव क्रँक त्या शिवाच्या कुळातला. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत रस साच्यात शिरताना पाहावा, तीच सुबकता: काउंटरवेट हवे तिथे, हव्या आकाराचे, पिन आतून पोकळ हव्या तर पोकळ, यंत्रावर छिलायचे काम कमी. आणि बिडाचा जुना दोष १९४०च्या दशकात दूर झाला. रसात चिमूटभर मॅग्नेशियम गेले की धारदार पापुद्र्यांसारखे बसणारे ग्राफाइट गोळ्या होऊन बसते. पापुद्र्याच्या टोकाशी जो तडा सुरू व्हायचा, त्याला आता टोकच उरत नाही. असे बीड म्हणजे एसजी आयर्न, ते कंपनेही पोटात जिरवते. रोज घरून कचेरीत जाणाऱ्या पेट्रोल गाडीला हा क्रँक वर्षानुवर्षे पुरतो. तिथे फोर्ज्डचा आग्रह म्हणजे पैशाचा अपव्यय, असे माझे स्पष्ट मत आहे. टर्बो लावून दाब वाढवायचा असेल, डिझेलचा अवजड धक्का असेल, शर्यतीसाठी इंजिनाचे फेरे चढवायचे असतील, तर मात्र घडीवच. तिथे काटकसर करू नये.

दुकानात क्रँक हाती आला की आपण त्याची कड पाहावी. दोरीला टांगून हलकेच टिचकी मारली तर घडीव क्रँक घंटेसारखा लांब नादतो, ओतीव लवकर मुका होतो. पण कान फसू शकतो, कड फसवत नाही. साच्याचे दोन भाग जुळल्याची केसासारखी बारीक रेघ दिसली तर तो ओतीव. डायमधून बाहेर आलेले पोलाद कापून घासल्याची बोटभर रुंद पट्टी दिसली तर तो घडीव.