‘कुरुदिप्पुनल’ आणि पूर्वग्रहाचे राजकारण

पूर्वग्रह ही नेहमी प्रतिपक्षाची मिळकत असते, असा राजकीय भूमिका घेणाऱ्या प्रत्येकाचा समज असतो. पुराणमतवाद्याला सुधारक आंधळा दिसतो, सुधारकाला पुराणमतवादी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एका घटनेने आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या एका कादंबरीने हा समज तपासून पाहण्याची संधी दिली आहे. ती घटना म्हणजे कीळवेण्मणीचे जळित आणि ती कादंबरी म्हणजे इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुदिप्पुनल’.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी ४४ दलित शेतमजूर एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्यांच्या वस्तीने लाल बावटा उभारला होता आणि मजुरीच्या भातात वाढ मागितली होती. जमीनदारांनी भात-उत्पादकांचा संघ काढून त्या मागणीला तोंड दिले होते. शेतगड्यांच्या संरक्षणाचा कायदा या जिल्ह्यासाठी १९५२ मध्येच झाला होता. पण कायद्याने मजुराला जो दर्जा दिला, तो धन्याच्या मनातील त्याच्या प्रतिमेत उतरला नव्हता. मागणी करणारा मजूर ही गोष्टच त्या प्रतिमेत बसत नव्हती.

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९७७ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवलेल्या ‘कुरुदिप्पुनल’चे धाडस मान्य केलेच पाहिजे. मध्यमवर्गीय कौटुंबिक प्रश्नांत रमलेल्या वाचकापुढे तिने जळत्या झोपडीचे वास्तव आणून ठेवले. दिल्लीहून आलेले गोपाल व शिवा हे सुशिक्षित तरुण खेड्यातील संघर्षात ओढले जातात. आपण केवळ निरीक्षक आहोत हा त्यांचा भ्रम गळून पडतो. कादंबरीचा हा भाग सच्चा आहे.

अडचण निर्माण होते ती जमीनदार कण्णय्या नायडूच्या चित्रणात. लेखकाने त्याला नपुंसक कल्पिले आहे आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ या वैगुण्यात शोधले आहे. डाव्या विचारांच्या टीकाकारांनी याला तीव्र आक्षेप घेतला. तो केवळ पक्षीय म्हणून बाजूला सारता येणार नाही. सत्तेचा रुबाब हा आतल्या दुबळेपणाचा मुखवटा असतो असे लेखकाला सुचवायचे असेल, आणि पात्राला अंतरंग देण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. पण येथे अंतरंग कारणाच्या जागी येऊन बसते. जमीन, मजुरी आणि जात यांनी मिळून घडवलेली हिंसा एका माणसाच्या देहातील उणिवेची कहाणी होते. हा माणूस सुदृढ असता तर झोपडी जळली नसती काय, या प्रश्नाला कादंबरीपाशी उत्तर नाही. शिवाय, शारीरिक व्यंग असलेला माणूस मनानेही विकृत असतो हा एक जुना ठोकळेबाज समज अन्यायाविरुद्ध लिहिलेल्या कृतीत नकळत शिरतो.

न्यायासनापुढेही अशाच एका प्रतिमेने काम केले. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्या जमीनदारांना मद्रास उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मुक्त केले. विस्तीर्ण जमिनींचे मालक असलेले, मोटार बाळगणारे श्रीमंत लोक नोकरांना मागे ठेवून स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील हे विश्वसनीय वाटत नाही, असा त्या निर्णयातील एका युक्तिवादाचा आशय होता. ‘संभावित गृहस्थ’ ही प्रतिमा तेथे पुराव्याच्या पंक्तीला बसली. कादंबरीकाराला गुन्हेगार पटावा म्हणून तो व्यंगग्रस्त करावा लागला. न्यायालयाला तो संभावित असल्यामुळे पटला नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: साधारण, प्रतिष्ठित माणूस असे करीत नाही.

प्रागतिक भूमिकाही या दोषापासून मुक्त नव्हत्या. अत्याचारी म्हणजे ब्राह्मण या द्राविड चळवळीच्या साच्यात नायडू जमीनदार सहजी बसत नव्हता. डाव्यांच्या साच्यात मृत हे ‘मजूर’ होते. ते सर्व दलित का होते, हा प्रश्न त्या शब्दाआड राहिला. आंद्रे बेतेय यांनी याच जिल्ह्यातील एका खेड्याच्या अभ्यासात (१९६५) जात, वर्ग आणि सत्ता यांची सांगड सैल होत असल्याचे दाखवले होते. अग्रहार, ब्राह्मणेतरांची आळी व चेरी हे भेद कायम होते, पण सत्ता अग्रहारातून सरकत होती. राजकीय प्रतिमा मात्र जुन्याच नकाशावर चालत राहिल्या.

याचा अर्थ सर्व पूर्वग्रह सारखेच, असा नव्हे. जमीनदाराच्या पूर्वग्रहाने माणसे जळाली. टीकाकाराच्या किंवा पक्षाच्या साच्याने त्यांचे चेहरे धूसर झाले. या दोहोंना एका तागडीत घालणे हा न्याय नव्हे. परंतु दुसरा दोष पहिल्याला ओळखू देत नाही, म्हणून त्याचीही झडती आवश्यक ठरते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधील शीर्षककथेत रेल्वेतील सहकारी कामगारच जात कळताच नायकावर तुटून पडतात. वर्गबंधुत्वाची प्रतिमा एका क्षणात फुटते. पुढे १९७४ मध्ये दलित पँथर दुभंगली, तेव्हाही वाद मार्क्स आणि आंबेडकर यांच्या नात्याचाच होता. बागुलांनी आपल्या पात्रांना व्यंगाचे कारण दिले नाही. मारणारी माणसे साधीसुधी आहेत, आणि म्हणूनच ती कथा अधिक भयंकर आहे.

तंजावर म्हटले की मराठी मनाला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महालातील पोथ्या आठवतात. ते स्मरण खोटे नाही. पण त्या वैभवाला पोसणारे भात ज्यांनी लावले व कापले, त्यांची चेरी त्या स्मरणात नाही. ‘कुरुदिप्पुनल’ ती चेरी दाखवते, हे तिचे ऋण. तिथल्या आगीचे कारण मात्र ती एका माणसाच्या देहात शोधते, ही तिची मर्यादा. कादंबरीकाराची राजकीय भूमिका उदार असणे पुरेसे नसते. त्याने रंगवलेल्या माणसांतही ती उदारता उतरावी लागते.