सन १८२७ चे २५ वे रेग्युलेशन : एक पाठचिकित्सा

या त्रैमासिकाच्या वाचकांस महजर, निवाडपत्रे व सनदा यांची चिकित्सा परिचयाची आहे. कायद्याचा मजकूर मात्र वकिलांचा विषय समजून आपण बहुधा बाजूस ठेवतो. वस्तुतः कायदा हाही एक लेखच होय. त्यालाही मूळ प्रत असते, नकला असतात, पाठभेद असतात, आणि नकलकार कोणता शब्द राखतो व कोणता गाळतो यावरून त्याचा हेतू कळतो. याच दृष्टीने मुंबई इलाख्याच्या सन १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाचा व त्याच्या वंशजांचा विचार येथे करावयाचा आहे.

हे रेग्युलेशन एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीतील कायदेसंग्रहातील. त्याची मातृका म्हणजे बंगालचे सन १८१८ चे ३ रे रेग्युलेशन, व मधली प्रत मद्रासचे सन १८१९ चे २ रे. बंगालच्या उपोद्घाताचा आशय असा की, ज्यांवर न्यायालयात काम चालविण्यास पुरेसा आधार नाही, किंवा तसे काम चालविणे प्रकरणाच्या स्वरूपास जुळणारे अथवा इष्ट नाही, अशा इसमांसही राजकारणास्तव अटकेत ठेवणे प्रसंगी अवश्य होते. मुंबईच्या प्रतीत सरदारादिकांच्या जमिनी जप्त करण्याचा अधिकारही आहे. या मजकुराचा एक गुण मान्य केला पाहिजे : त्यात आडपडदा नाही. पुराव्याचा अभाव हा येथे सुटकेचे कारण न होता अटकेचे निमित्त होतो, आणि हे मूळ लेखक उघड सांगतो.

या तरतुदीने इतिहासाचे काय झाले, हे दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे दिसते. पहिले प्रकरण प्रस्तुत लेखकाच्या वाटेवरचेच आहे. वडखळच्या नाक्यावरून पेण व कर्नाळा मागे टाकून पनवेलकडे जाऊ लागले की शिरढोण लागते. तेथे सन १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. सन १८७९ मध्ये ते पकडले गेले व पुण्यास त्यांजवर रीतसर खटला चालला. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, व १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे त्यांचा अंत झाला. सरकारने त्यांस दया दाखविली नाही. पण खटला चालला म्हणूनच त्यांची रोजनिशी व आत्मवृत्त पुराव्यात आले, आणि त्यामुळेच बंडाच्या मागील विचार आज आपणांस खुद्द फडक्यांच्या शब्दांत वाचावयास मिळतो.

दुसरे प्रकरण नातूबंधूंचे. २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यानंतर, जुलै महिन्यात, पुण्याचे बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांस याच २५ व्या रेग्युलेशनाखाली अटक झाली व त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात गेली. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, निवाडा नाही. खटला पुढेही कधी झाला नाही. त्याच महिन्यात टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून धरण्यात आले. त्या खटल्यात कोणते लेख आक्षेपार्ह धरले, न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीस काय समजाविले, सहा विरुद्ध तीन असा कौल कसा पडला, अठरा महिन्यांची शिक्षा कशी झाली, हे सर्व शाळकरी मुलासही शोधून काढता येते. नातूंवर संशय कोणता होता आणि त्यांचे उत्तर काय होते, हे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात नाही. त्या सालच्या डिसेंबरात अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेने या तिन्ही रेग्युलेशनांचा निषेध केला तो उगाच नव्हे.

यावरून निघणारा निष्कर्ष आपल्या व्यवसायास लागू आहे. खटला नाही तेथे उलटतपासणी नाही, आणि उलटतपासणी नाही तेथे विश्वसनीय साधन नाही. कोणी म्हणेल की पोलिसांचे गुप्त कागद असतातच. असतात, परंतु एका पक्षाच्या बखरीवरून लढाईचा इतिहास लिहू नये हा आपला पहिला धडा. बिनखटल्याची कैद माणसाची सुनावणी नाकारते, आणि त्याबरोबर पुढील पिढ्यांचा निर्णयही अडवून ठेवते.

पुढील नकला पाहू. सन १९१९ चा रौलेट कायदा लोकक्षोभामुळे वापरात न येता सन १९२२ मध्ये रद्द झाला. स्वराज्यात मात्र सन १९५० मध्येच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला, व संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने त्या पद्धतीस मर्यादांसह जागा दिली. सन १९७१ च्या ‘मिसा’ कायद्यात आणीबाणीच्या काळी अशी दुरुस्ती झाली की अटकेची कारणे हीच राज्याची गुप्त बाब ठरली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांस न्यायालयाचे दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध राहिले, आणि सन २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविला.

सन १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा ही पुष्कळ सुधारलेली प्रत आहे. कारणे पाच दिवसांत, अपवाद म्हणून काहीशा अधिक मुदतीत, कळवावी लागतात. सल्लागार मंडळ आहे, बारा महिन्यांची कमाल मुदत आहे. तथापि लोकहितास बाधक वाटणारी वस्तुस्थिती न सांगण्याची मुभा सरकारास आहे, आणि मंडळापुढे वकील देण्याचा हक्क कैद्यास नाही. म्हणजे मातृकेचा गाभा टिकला आहे. गेला तो फक्त तिचा स्पष्टवक्तेपणा. येथे एक विलक्षण पाठभेद नोंदवितो. मंडळाच्या अभिप्रायावाचून अटकेची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन करणारा पाठ सन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संमत झाला, पण तो अद्यापि अमलात आणलेला नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याचेही वाचन संशोधकांनी पक्षाभिनिवेश सोडून, पदशः व मातृकेशी ताडून करावे.

राज्यास धोका असतो हे खरे. कौटिल्याहून ते कोणास अधिक ठाऊक? कंटकशोधन अधिकरणाच्या आठव्या अध्यायात तोच सांगतो की, गुन्ह्यास तीन रात्री उलटल्यावर, साधने सापडल्यावाचून, केवळ संशयितास धरू नये. कारण मग त्यास विचारणे निष्फळ होते. उपांशुदंडही त्याने सांगितला, परंतु तो योगवृत्तात, निराळ्या अधिकरणात. गुप्त उपायास त्याने चौकशीचे नाव दिले नाही. हा विवेक १८२७ च्या लेखकाने सोडला.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. सन १९४२ चे व सन १९७५ चे स्थानबद्धतेचे हुकूम, कैद्यांनी केलेल्या अर्जांच्या नकला, तुरुंगाचा शिक्का असलेली पत्रे अजून घरोघरी आहेत. मोडी रुमालाच्या शोधात आपण त्या घरांत जातो आणि हे कागद न उलगडता परत येतो. आमच्या भागातील एका घरी असा हुकूम पाहावयास गेलो, तो गतवर्षीच रद्दीत गेल्याचे कळले. ज्यांचे म्हणणे न्यायालयाने ऐकले नाही, त्यांचे म्हणणे याच कागदांत उरले आहे. ते सनदांच्या शेजारी ठेवावेत.