'द प्रिन्स ऑफ इजिप्त' : बालप्रेक्षकांच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना :
अ‍ॅनिमेशनपट म्हटला की तो मुलांसाठीच असणार आणि धर्मग्रंथावर आधारलेला म्हटला की तो संस्कारक्षमच असणार, अशी दोन गृहीतके पालकवर्गात सर्रास आढळतात. ड्रीमवर्क्स या संस्थेचा डिसेंबर १९९८ मध्ये प्रदर्शित झालेला 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' हा चित्रपट या दोन्ही गृहीतकांची परीक्षा पाहतो. ब्रेंडा चॅपमन, स्टीव्ह हिकनर व सायमन वेल्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला बायबलच्या जुन्या करारातील 'निर्गम' या पुस्तकाचा आधार आहे. अमेरिकेत त्यास पालकांचे मार्गदर्शन सुचविणारे 'पीजी' प्रमाणपत्र मिळाले होते. तो मुलांना दाखवावा काय, आणि दाखवायचा तर कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंसेचे चित्रण :
कथेचा आरंभच नवजात बालकांच्या हत्येने होतो. मोशेला या हत्याकांडाचे ज्ञान स्वप्नातून होते. तेथे भित्तिचित्रांतील आकृतीच सजीव होऊन अर्भकांना मगरींच्या तोंडी देतात. रक्त न दाखविताही हा प्रसंग अंगावर काटा आणतो. प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूचा प्रसंगही असाच संयत आहे. आकाशातून उतरणारा पांढरा प्रकाश, घरोघरी विझत जाणारे श्वास आणि नंतरची शांतता, एवढ्यावरच तो भागविला आहे. तथापि संयम म्हणजे सौम्यता नव्हे. मरणारी बालके प्रेक्षकाच्याच वयाची आहेत, ही जाणीव लहान मुलाला रक्तपातापेक्षाही अधिक भयभीत करू शकते.

या भयाला चित्रपटाने नैतिक अर्थ दिला आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. मृत पुत्राजवळ बसलेल्या रामसेसला भेटून बाहेर पडलेला मोशे विजयाने हर्षित होत नाही. तो कोसळून रडतो. शत्रूच्या दुःखाची दखल घेणारी ही दृष्टी ज्यू परंपरेलाही परकी नाही. इजिप्तचे सैन्य बुडत असता गाऊ पाहणाऱ्या देवदूतांना ईश्वराने रोखल्याची कथा तालमूदमध्ये येते.

मूळ कथेपासूनचे अंतर :
'निर्गम'मध्ये फारोचे नाव नाही, तसेच मोशे व फारो यांच्या बंधुप्रेमाचा उल्लेखही नाही. मूळ कथेत मोशेला नदीतून उचलणारी फारोची कन्या येथे राणी झाली आहे. हे बदल नाट्याच्या दृष्टीने समर्थनीय ठरतात. चित्रपटाच्या आरंभीच कलात्मक स्वातंत्र्य घेतल्याची कबुलीही दिलेली आहे. अधिक चिंतनीय बदल निराळे आहेत. मूळ कथेत मोशे आजूबाजूस कोणी नाही हे पाहून मुकादमाला ठार करतो व वाळूत पुरतो. चित्रपटात तो अपघात ठरतो. ईश्वराने फारोचे मन कठीण केले, हा ग्रंथातील सर्वांत अवघड विचार गाळलेला आहे. चित्रपटाची अखेर मोशे दगडी पाट्या घेऊन उतरतो तेथे होते. सोन्याच्या वासराची पूजा आणि त्यानंतर झालेला सुमारे ३,००० जणांचा वध प्रेक्षकासमोर येतच नाही. अर्थात, जे मुलांना भीतिदायक आहे ते चित्रपटाने ठेवले आणि जे मोठ्यांना अडचणीचे आहे ते वगळले, असे दिसून येते.

निष्कर्ष :
'निर्गम'च्या १२व्या अध्यायात वल्हांडण सणाविषयी सांगताना, या विधीचा अर्थ काय असे मुले विचारतील तेव्हा त्यांना उत्तर द्यावे, अशी आज्ञा आहे. म्हणजे ही कथा मुलांना सांगण्यासाठीच आहे. पण ती प्रश्नोत्तरांतून सांगावयाची आहे. हाच निकष चित्रपटासही लावणे उचित ठरेल. ७-८ वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये. त्यापुढील मुलांना मोठ्यांच्या सोबतीने दाखवावा. 'त्या मुलांनी काय केले होते?' हा प्रश्न हमखास येईल. तो टाळणारा पालक असेल तर हा चित्रपट कोणत्याही वयास अयोग्य होय. त्या प्रश्नाजवळ थांबणारा पालक असेल तर बालचित्रपटांत इतके मोलाचे साहित्य क्वचितच सापडेल.