पाळीव, हिंस्र आणि गटारात सोडलेले : ‘फ्युचरामा’ मालिकेतील एका भागाची चिकित्सा

ॲनिमेशन मालिका हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्याकडील चर्चासत्रांतून अद्यापही विचारला जातो. बहुधा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्मित असते. ‘कार्टून म्हणजे लहान मुलांचे’ हे समीकरण आपण इतके घट्ट धरून ठेवले आहे की, हितोपदेशातील उंदीर-वाघाच्या कथेवर आपण गंभीरपणे लिहितो. परंतु तोच आशय पडद्यावर हलू-बोलू लागला की त्याला करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात ‘फ्युचरामा’ या अमेरिकन विज्ञानकथात्मक विनोदी मालिकेतील ‘आय सेकंड दॅट इमोशन’ (१९९९) या भागाचा विचार करावयाचा आहे. हिंस्र प्राणी घरात वाढविणे म्हणजे काय, आणि तो नकोसा झाल्यावर त्याचे काय होते, हे या भागाचे आशयसूत्र आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. भागाच्या वरवरच्या मांडणीत मात्र भर वेगळ्याच गोष्टीवर आहे.

मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली ही मालिका मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोठविला गेलेला फ्राय नावाचा पिझ्झा पोहोचविणारा तरुण हजार वर्षांनी जागा होतो, आणि ग्रहोग्रही माल पोहोचविणाऱ्या एका कंपनीत पुन्हा पोऱ्याचेच काम करू लागतो. त्याच्यासोबत आहेत बेंडर हा मद्यपी, चोरटा, आत्मप्रेमी यंत्रमानव आणि लीला ही एकाक्ष नौकाप्रमुख. लीलेचे पूर्ण नाव तुरंग लीला. ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने आपल्या ‘तुरंगलीला’ सिम्फनीसाठी दोन संस्कृत शब्द जोडले, आणि तेथून हे नाव मालिकेत आले. आपले शब्द असे पॅरिसमार्गे अंतराळात जातात आणि आपणास त्याचा पत्ताही नसतो, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

निब्लर हा लीलेचा पाळीव प्राणी. त्याच वर्षीच्या आधीच्या एका भागात विनाशाच्या वाटेवर असलेल्या ग्रहावरील प्राण्यांना वाचविण्यास ती जाते. हे तीन डोळ्यांचे, मांजराएवढे, गोंडस पिलू तिला तेथे सापडते. ती त्याला नौकेवर घेते, आणि काही वेळातच नौकेवर वाचवून आणलेले इतर सर्व प्राणी त्याच्या पोटात गेलेले असतात. तरीही ती त्याला ठेवून घेते. त्याच्या विष्ठेतून अतिजड कृष्णद्रव्य मिळते आणि तेच नौकेचे इंधन ठरते, म्हणजे हे वात्सल्य अगदीच निरपेक्ष नाही. गोठ्यातील जनावराची किंमत त्याच्या शेणासह करणाऱ्या आपल्या शेतकरी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

‘आय सेकंड दॅट इमोशन’ या भागात निब्लर बेंडरला चावतो आणि त्याचा सुळा तुटतो. पशुवैद्याकडे त्याचे वय निश्चित होते, म्हणून वाढदिवस साजरा करण्याचे ठरते. बेंडरने कौतुकाच्या अपेक्षेने केलेला केक निब्लर एका घासात गिळतो. संतापलेला बेंडर त्याला शौचकूपात टाकून पाणी सोडतो. लीला शोकाकुल होते, बेंडरला मात्र काहीच वाटत नाही. तेव्हा प्राध्यापक फार्न्सवर्थ त्याच्यात एक सहवेदनेची चकती बसवितात; लीलेला जे वाटेल ते आता त्यालाही वाटू लागते. त्या दुःखाने कासावीस होऊन बेंडर स्वतःच निब्लरच्या मागे गटारात उतरतो. शीर्षकातील श्लेष येथे उलगडतो. १९६७ च्या एका लोकप्रिय अमेरिकन गीताचे हे नाव सभेतील ठरावाला अनुमोदन देण्याच्या शब्दप्रयोगावर बेतलेले आहे. विद्वत्सभेत आपण ठरावाला जे अनुमोदन देतो, ते कितपत मनातून असते हे वाचकांना ठाऊक आहेच. बेंडरचे अनुमोदनही तसेच आहे, सक्तीचे.

हा भाग सहवेदनेविषयी आहे, असे अर्थनिर्णयन सहज सुचते आणि ते चूकही नाही. भागाचा उत्कर्षबिंदूही त्याच दिशेचा आहे. गटारातील राक्षसाशी लढण्याची वेळ येते तेव्हा बेंडर निकामी ठरतो, कारण लीलेची परदुःखाची जाणीव त्याला पांगळा करते. फ्रायच्या सांगण्यावरून लीला क्षणभर फक्त स्वतःचा विचार करते, आणि बेंडरमध्ये पुन्हा बळ येते. परंतु या मांडणीत एक पळवाट आहे. निब्लरला कोणी वाढविले, तो कोणास खातो, त्याच्या असण्याची किंमत कोण मोजतो हे प्रश्न बेंडरच्या मनःस्थितीआड दडून जातात.

या प्रश्नांचे उत्तर भागातील स्थळ देते. शौचकूपाखाली न्यूयॉर्कचे जुने गटार आहे आणि तेथे उत्परिवर्तित माणसांची वस्ती आहे. न्यूयॉर्कच्या गटारांत मगरी राहतात, ही दंतकथा या कल्पनेमागे उघडपणे आहे. हौसेने आणलेली पिले मोठी होऊ लागताच लोक ती शौचकूपात सोडतात, असे त्या दंतकथेत सांगितले जाते. त्या शहरात १९३५ साली एका गटारातून खरोखरच मगर बाहेर काढल्याची बातमी छापून आली होती. मालिकाकारांनी या दंतकथेत एक महत्त्वाचा बदल केला : खाली माणसे राहतात. वरच्यांनी टाकलेले जे जे असेल ते त्यांच्या वाट्याला येते, राक्षससुद्धा. पुढे २००२ मधील एका भागात कळते की लीला परग्रहावरची नाहीच; ती याच वस्तीत जन्मली आणि चांगले आयुष्य लाभावे म्हणून आईबापांनी तिला वर, अनाथालयाच्या दारी ठेवले. म्हणजे ज्या स्त्रीने टाकून दिलेले पिलू उचलले, ती स्वतः त्याच गटारातून वर आलेली आहे. या प्रकाशात १९९९ चा भाग पुन्हा पाहिला की त्यातील विनोद कमी होत नाही. मात्र शौचकूपाची कळ दाबण्याच्या क्षणी हसणे जड जाते.

हितोपदेशातील मुनी कावळ्याच्या चोचीतून पडलेला उंदीर वाढवितो, त्याला मांजर, कुत्रा आणि अखेर वाघ करतो. वाघ आपल्या उपकारकर्त्यावरच उलटण्याच्या बेतात येताच मुनी त्याला पुन्हा उंदीर करून टाकतो. कथा येथे संपते, कारण मुनीजवळ मंत्र आहे. आधुनिक पालकाजवळ मंत्र नाही, शौचकूपाची कळ आहे. मंत्राने संकट नाहीसे होते. कळीने ते केवळ दिसेनासे होते.

मराठीत या विषयावर पाहावयाचे तर विलास मनोहर यांच्या ‘नेगल’कडे वळावे लागते. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ पासून सुरू असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेले पिलू आणले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. नेगल हा तेथील बिबळ्या. तेथे हिंस्र प्राणी हौसेने आणलेला नाही, तर उपासमारीतून होणाऱ्या शिकारीचा तो उरलेला अंश आहे. आणि त्याचे अन्न, त्याचा पिंजरा, त्याचा धोका ही सर्व जबाबदारी आणणाऱ्यानेच आयुष्यभर वाहायची आहे. मूळचे सोलापूरचे आणि २००६ साली येथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली यांचे लेखनही प्राण्याला त्याच्या रानात राहू देऊन पाहणारे आहे. ‘वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२’ नंतर तर ‘पाळणे’ या क्रियापदाचे कायदेशीर क्षेत्रच आकुंचित झाले.

या तुलनेत ‘फ्युचरामा’ची एक मर्यादा स्पष्ट होते. २००३ मधील एका भागात निब्लर हा अतिप्राचीन, बुद्धिमान वंशाचा प्रतिनिधी असून विश्वरक्षणासाठीच तो पाळीव प्राण्याच्या रूपात वावरतो, असा उलगडा केला आहे. कथानक म्हणून तो चतुर आहे. पण प्रस्तुत लेखिकेस तो पटत नाही. प्राणी आतून माणसाइतका, किंबहुना माणसाहून शहाणा निघाला की त्याला वाढविण्यातला नैतिक पेच सुटतो. नेगल अखेरपर्यंत बिबळ्याच राहतो. १९९९ चा निब्लरही निव्वळ भुकेला प्राणीच आहे आणि म्हणून तो भाग अधिक सकस आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. महाविद्यालयीन वयात आमच्या घरी काचेची मत्स्यपेटी होती. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दुकानदाराने त्यात बोटाएवढा एक काळसर सकर मासा दिला. दोन वर्षांत तो वीतभर झाला, पेटीतील लहान मासे दिसेनासे होऊ लागले. (तेच त्याने खाल्ले असे आम्ही ठरविले; आज त्याबद्दल खात्री देता येत नाही.) एका रविवारी मी आणि धाकट्या भावाने त्याला प्लास्टिकच्या डब्यातून नेऊन शहराबाहेरील एका तलावात सोडले. आपण एका जिवाला मुक्त केले या समाधानात आम्ही घरी आलो. आईने त्या संध्याकाळी शिराही केला होता.

सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. अंगावर हाडासारखे कठीण कवच आणि परांना काटे असल्याने त्याला खाणारे फारसे कोणी नाही. भीमेवरील उजनी जलाशयातही तो आता सापडतो, आणि तो जाळ्यात आला की जाळे फाटते, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, ही तेथील मच्छीमारांची तक्रार आहे. आमचा मासा उजनीत गेला नाही, एवढे मला ठाऊक आहे. परंतु उजनीतील प्रत्येक सकर मासा कोणाच्या तरी घरच्या पेटीतून किंवा कोणाच्या तरी मत्स्यव्यवसायातून निसटलेला असणार, आणि सोडणाऱ्यापैकी कोणीही जाळे ओढणारा नव्हता.

पदव्युत्तर वर्गात हा भाग दाखविला तेव्हा मुले बेंडर रडू लागतो त्या प्रसंगाला सर्वाधिक हसली. चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, गटारातल्या लोकांना ती चकती बसवलीच नाही, मग त्यांना काय वाटलं ते कुणाला कळणार?” तिचे वडील भीमेवर मासेमारी करतात, हे मला नंतर समजले. सत्रअखेरीच्या निबंधासाठी तिने हाच भाग निवडला आहे, आणि शीर्षकात निब्लरचे नाव नाही.