दाइ चेन : शब्दार्थ आणि तत्त्वार्थ

दाइ चेन (१७२४–१७७७) हा छिंग काळातील अग्रगण्य पाठचिकित्सक होय. गणित, ज्योतिष व प्राचीन उच्चारशास्त्र यांतील अधिकारामुळे १७७३ मध्ये त्याला राजाज्ञेने सिद्ध होत असलेल्या ‘स्सु-खु छ्वान-शू’ या ग्रंथसंग्रहाच्या कार्यासाठी पाचारण करण्यात आले. त्याच्या या विद्वत्तेचा समकालीनांनी गौरव केला. मेन्शियसच्या ग्रंथातील शब्दार्थांचे विवरण करणाऱ्या त्याच्या अखेरच्या ग्रंथाकडे मात्र बहुतेकांनी दुर्लक्ष केले.

या ग्रंथाचा रोख ‘ली’ या संज्ञेवर आहे. चू शीच्या (११३०–१२००) संप्रदायात ‘ली’ हे स्वर्गाकडून लाभलेले व चित्तात वसणारे तत्त्व मानले जाई. हान काळातील कोश व भाष्ये यांच्या आधारे दाइ चेन दाखवतो की, एका वस्तूचे दुसरीहून वेगळेपण दर्शविणारी सूक्ष्म रचना हाच या शब्दाचा प्राचीन अर्थ. ती वस्तूतच शोधावी लागते. ती चित्तात आयती सापडते असे मानले की मनुष्य स्वमतालाच ‘ली’ म्हणू लागतो आणि बलिष्ठांच्या हाती ते दुर्बलांना दडपण्याचे साधन होते. कायद्याच्या बळीला निदान कोणाची तरी अनुकंपा लाभते, ‘ली’च्या बळीला तीही लाभत नाही, हा त्याचा आरोप आहे.

या युक्तिवादात एक दुवा निखळलेला आहे. मूळ अर्थ सिद्ध झाल्याने उत्तरकालीन अर्थ असत्य ठरत नाही. शिवाय मेन्शियसच्या ग्रंथात हा शब्द मोजक्याच स्थळी येतो. सर्वांच्या वासनांची यथोचित पूर्ती होण्यातच ‘ली’ आहे, हा सिद्धान्त कोणत्याही कोशातून निष्पन्न होत नाही. तो दाइ चेनचा स्वतंत्र नैतिक निर्णय आहे.

तरीही शब्दचिकित्सा येथे निरर्थक ठरत नाही. चू शीच्या भाष्यांना १३१३ च्या राजाज्ञेपासून राजकीय परीक्षांत जे प्रामाण्य लाभले, ते प्राचीन ऋषींचाच आशय त्यांत प्रकट होतो या दाव्यावर उभे होते. शब्दार्थ चुकीचा ठरताच तो दावा ढासळतो. तत्त्व मात्र स्वतःच्या बळावर उभे राहण्यास मोकळे राहते.

दाइ चेनच्या मृत्यूनंतर त्याच्या चरित्रात तत्त्वचर्चेचे पत्र समाविष्ट करण्यास चू युन या विद्वानाने विरोध केला. त्याच्या मते दाइ चेनची खरी थोरवी तेथे नव्हती. उलट विसाव्या शतकात हू शृने त्याला शास्त्रीय पद्धतीचा तत्त्वज्ञ म्हणून पुढे आणले. पहिल्याने पांडित्यापासून तत्त्वविचार तोडला. दुसऱ्याने तो पांडित्याचेच फलित मानला. दाइ चेनच्या पांडित्याने जुने प्रामाण्य हलविले. रिकाम्या झालेल्या स्थानी त्याने काय प्रतिष्ठित केले, त्याचे मूल्यमापन स्वतंत्र निकषांवरच व्हावयास हवे.